अहमदनगर जिल्ह्यातील कीटक-परिचय आणि कीटकनामे

रब्बी ज्वारीचे रोप तीन-चार आठवड्यांचे झाले म्हणजे कधी कधी त्याचा मधला पोंगा वाळू लागतो. अहमदनगर जिल्ह्यातील शेतकरी यास 'पोंगेमर' म्हणतो. शब्द नेमका आहे. परंतु तो लक्षणाचा आहे, कारणाचा नव्हे. हे लक्षण दोन अगदी भिन्न कीटकांमुळे उत्पन्न होते. वाळलेला पोंगा उपटला असता सहज हाती आला, त्याचे बूड कुजून त्यास दुर्गंधी येत असली आणि तेथे पाय नसलेली पांढुरकी अळी आढळली, तर ते काम खोडमाशीचे होय. पानांवर आडव्या ओळीने बारीक छिद्रे असली आणि खोडात तपकिरी डोक्याची, अंगावर ठिपके असलेली अळी सापडली, तर ते खोडकिड्याचे. पहिली अळी पुढे माशी होते, दुसरी पतंग. पहिलीचा बंदोबस्त मुख्यतः पेरणीच्या वेळेवर आणि बियाण्याच्या प्रक्रियेवर अवलंबून असतो. दुसरीचा त्यानंतरच्या उपायांवर. तेव्हा ओळख चुकली म्हणजे पैसा व श्रम दोन्ही वाया जातात. कृषिमहाविद्यालयाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यापुढे हे दोन नमुने शेजारी शेजारी ठेवले जातात ते याचसाठी. त्या विद्यार्थ्याची तयारी कोणत्या पुस्तकांवर होत आली आणि त्याच्या भाषेने त्यास कितपत साथ दिली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

ज्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर असे झाले, त्या जिल्ह्यात सृष्टिज्ञानाची आधुनिक परंपरा अमेरिकन मराठी मिशनबरोबर आली. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक जून १८४२ मध्ये अहमदनगर येथेच निघाले. १८४५ च्या सुमारास ते मुंबईस गेले. त्यानंतर अल्पावधीतच, १८४६ साली, सॅम्युएल बेकन फेअरबँक हे या मिशनचे कार्यकर्ते म्हणून हिंदुस्थानात आले आणि पुढे नेवासे तालुक्यातील वडाळे येथे त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले. धर्मप्रचारापलीकडे त्यांची कीर्ती आहे ती पक्षी आणि शंखशिंपले यांचे संग्राहक म्हणून. १८६८ मध्ये डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी मुंबईच्या एका लहान गोगलगायीच्या वंशास 'फेअरबँकिया' हे नाव दिले आणि दुसऱ्याच वर्षी पळणी डोंगरातील एका पक्ष्याच्या जातिनामातही फेअरबँक यांचे नाव गोवले. हेच ब्लॅनफर्ड पुढे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेचे पहिले संपादक झाले. या मालेतील हॅम्पसन यांचे पतंगांवरील खंड १८९२ पासून आणि बिंगहॅम यांचे मधमाश्या, गांधीलमाश्या व मुंग्या यांवरील खंड १८९७ पासून निघाले. हिंदुस्थानातील कीटक शास्त्रीय रीतीने ओळखू पाहणाऱ्यास पुढील कित्येक दशके या खंडांवाचून गत्यंतर नव्हते.

या साखळीत एक दुवा मात्र गळालेला आहे. वडाळ्याच्या शिवारात अर्धे आयुष्य घालविलेल्या माणसाच्या कानावर तेथील प्राणिनामे पडलीच असली पाहिजेत. तथापि संशोधन म्हणून जे बाहेर गेले ते इंग्रजीत आणि लॅटिन नावांनी गेले. उलट बाजूस मोल्सवर्थ आणि कँडी यांचा कोश होता. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, आणि सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी १८५७ ची. कोशकारांनी किड्यामुंग्यांची नावे कसोशीने टिपली. परंतु कोणता कीटक हे ठरविण्याचे साधन त्यांच्या हाती नसल्याने अर्थ देताना अनेक ठिकाणी 'एक प्रकारचा किडा' अशा सामान्य निर्देशावर थांबणे त्यांना भाग पडले. एकाकडे नमुने होते पण नावे टिपली गेली नाहीत. दुसऱ्याकडे नावे होती पण नमुने नव्हते. मराठी कीटकनामांचा पुढील इतिहास बहुतांशी या फारकतीचा इतिहास आहे.

ओळख चुकण्याची किंमत सरकारी पातळीवर प्रथम ध्यानात आली ती टोळांमुळे. १८८२-८३ मध्ये मुंबई इलाख्याच्या दख्खन व कोकण भागांत टोळधाड आली. टोळ व त्यांची अंडी गोळा करून आणणाऱ्यांस मोबदला देण्याची मोहीम सरकारने काढली. पण हा टोळ कोणता? राजपुताना व सिंध यांच्या वाळवंटातून येणारा, की याच भूमीत वाढणारा? उत्तरावर सारा बंदोबस्त अवलंबून होता. कारण वाळवंटी टोळाची वाट वायव्येकडे पाहावयाची, तर दुसऱ्याची सह्याद्रीच्या जंगलांत. रंगावरून निर्णय होईना. या दुसऱ्या टोळाचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो. थंडीत तो तांबूस दिसतो आणि पावसाळ्यापूर्वी तपकिरी होतो. वाळवंटी टोळही कोवळेपणी गुलाबी व प्रौढपणी पिवळा असतो. १९०३-०४ च्या धाडीनंतर हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी या टोळाचा सविस्तर अभ्यास करून १९०६ मध्ये तो 'बॉम्बे लोकस्ट' या नावाने प्रसिद्ध केला. वर्षातून एकच पिढी, पावसाळ्याच्या आरंभी जमिनीत अंडी, हिवाळ्यात डोंगरी जंगलाकडे प्रयाण असा त्याचा क्रम आहे. पाठीवरून पंखांपर्यंत जाणारा फिकट पट्टा ही त्याची खूण, आणि ती रंग बदलला तरी उपयोगी पडते. शास्त्रीय ओळखीचा पहिला पाठ हाच, की जे प्रथम डोळ्यांत भरते ते बहुधा लक्षण नसते.

याच टोळास बोरिस उवारोव्ह यांनी १९२३ मध्ये ज्या वंशात घातले त्याचे नाव 'पतंग' असे आहे. भारतीय वाचकास हा शब्द निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. संस्कृतात पतंग म्हणजे उडणारा कोणताही कीटक, मराठीत तो दिव्यावर झेप घेणारा, आणि प्राणिशास्त्राच्या लॅटिनमध्ये टोळ! शब्द एकच, प्राणी तीन. मराठीत टोळ व नाकतोडा हे शब्द मात्र बऱ्याच अंशी स्वच्छ राहिले: थव्याने येतो तो टोळ, बांधावर एकटा उडतो तो नाकतोडा. एकाच जातीचा कीटक गर्दीत वेगळे रूप धारण करतो हे उवारोव्ह यांनी १९२१ मध्ये दाखविले. तेव्हा वर्तनावरून नाव देणारी शेतकऱ्याची पद्धत अगदीच अशास्त्रीय म्हणता येत नाही.

लेफ्रॉय यांची दोन पुस्तके या विषयाच्या अध्यापनात मूलभूत ठरली. 'इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स' १९०६ चे, आणि हॉवलेट यांच्या साहाय्याने लिहिलेले 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' १९०९ चे. दोहोंची रचना भिन्न आहे आणि तो भेद येथे महत्त्वाचा आहे. पहिले पुस्तक पिकांच्या क्रमाने चालते: कापसावरील कीटक, भातावरील कीटक, उसावरील कीटक. दुसरे गण व कुल यांच्या क्रमाने चालते. त्यात पंखांची संख्या, त्यांची घडण, मुखांगांचा प्रकार यांवरून कीटकाचे स्थान ठरते. पहिल्यात शेतकऱ्याचा प्रश्न आहे, दुसऱ्यात शास्त्रज्ञाचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्यास कृषिमहाविद्यालय उभे राहिले, आणि तेथील विद्यार्थ्यास दोन्ही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली. १९६८ मध्ये राहुरी येथे कृषिविद्यापीठ स्थापन झाल्यावर नगर जिल्ह्यातील विद्यार्थ्यावरही तेच ओझे आले. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' आजही पिकांच्या क्रमाने किडींची माहिती देते. वर्गातील प्राध्यापक गणांच्या क्रमाने शिकवितो. विद्यार्थ्याची सारी तयारी म्हणजे या दोन क्रमांची मनात घातलेली सांगड होय.

आता मराठी नावांकडे वळू. त्यांचे निरीक्षण केले असता प्रथम हे दिसते की, 'कीटक', 'किडा' आणि 'कीड' हे एकाच संस्कृत शब्दाचे तीन अवतार असून त्यांनी कामे वाटून घेतली आहेत. 'कीटक' हा शास्त्राने उचलला आणि सहा पायांच्या प्राण्यापुरता मर्यादित केला. 'किडा' लोकव्यवहारात राहिला व त्यात सरपटणारे, वळवळणारे सर्व काही आले. 'कीड' ही एकवचनी स्त्री. ती 'लागते', 'पडते', आणि ती प्राणी नसून आपत्ती असते. 'मृगाचा किडा' हे याचे उत्तम उदाहरण. पहिल्या पावसानंतर माळावर दिसणारा हा लाल मखमली जीव आठ पायांचा, म्हणजे कोळ्याच्या नात्यातला आहे. तो किडा आहे पण कीटक नाही. गंमत अशी की त्याच्या बाल्यावस्थेत त्यास सहाच पाय असतात आणि तेव्हा तो इतर कीटकांच्या अंगावर परोपजीवी म्हणून राहतो. केवळ पाय मोजून उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास असा नमुना चकवील.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. मराठीतील शेतकी कीटकनामे बहुतेक अळीची आहेत, प्रौढ कीटकाची नव्हेत. हुमणी म्हणजे जमिनीत मुळे खाणारी, अर्धवर्तुळाकार वळलेली पांढरी अळी. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब व बाभळीवर जमणारा तिचा प्रौढ अवतार बिनानावाचा. त्यास 'हुमणीचा भुंगेरा' म्हणावे लागते, जणू बाप मुलाच्या नावाने ओळखला जावा. घाटेअळीच्या पतंगाचीही तीच गत. याचे कारण उघड आहे: नाव त्यास मिळाले, जो नुकसान करताना सापडला. पण ओळखीच्या सचित्र पुस्तकांत चित्र असते ते बहुधा प्रौढाचे, कारण वर्गीकरण प्रौढाच्या पंखांवर व अवयवांवर उभे आहे. मराठी मुलगा शिवारातून शब्द घेऊन येतो तो अळीचा, आणि पुस्तक त्याच्यापुढे धरते तो पतंग. हुमणीच्या बाबतीत तर अळ्यांतही अनेक जाती असून त्या शेवटच्या खंडाच्या खालील बाजूस असलेल्या केसांच्या रचनेवरून भिंगाखाली वेगळ्या कराव्या लागतात. त्या सर्वांस शिवारात नाव एकच.

उलट प्रकारही आहे. हरभऱ्यावर जी घाटेअळी, तीच तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी आणि कापसावर हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी. कीटक एक, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, नावे चार. ज्याच्या शेतात हरभऱ्याशेजारी टोमॅटो आहे, त्यास ही चारही नावे एकाच शत्रूची आहेत हे भाषा सांगत नाही. शिवाय यांतील 'अमेरिकन' हे विशेषण चुकीचे आहे. हा कीटक जुन्या जगातला असून अमेरिकेतील त्याच्या जवळच्या नातलगाचे नाव त्यास चिकटले. 'मावा', 'तुडतुडे', 'खोडकिडा' ही नावे याच्या अगदी विरुद्ध: प्रत्येकाखाली कितीतरी जाती दडलेल्या आहेत. तरीही 'तुडतुडे' या शब्दाचे मोल कमी लेखता येणार नाही. पानास हात लावताच तुडतुड उड्या मारणारा, तिरपा चालणारा तो बारीक जीव या एका शब्दात जसा डोळ्यांपुढे उभा राहतो, तसा तो अर्धा पान वर्णनानेही राहत नाही.

'पाकोळी' या शब्दाचा प्रवास स्वतंत्र टिपणास पात्र आहे. जुन्या मराठीत हा शब्द लहान वटवाघळास, भिंगरीसारख्या पक्ष्यास आणि फुलपाखरास असा तिघांस लागू होतो. पाख म्हणजे पंख हे त्यातील समान सूत्र. प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि त्यानंतरच्या दशकांत प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यात उसाचे क्षेत्र वाढत गेले. तेथे 'पाकोळी' हा शब्द पायरिला नावाच्या, चोचीसारख्या डोक्याच्या रस शोषणाऱ्या कीटकास रूढ झाला. त्याच्या पिलांच्या शेवटी पिसांसारखे दोन तुरे असतात, त्यामुळे ती चटकन ओळखू येतात. गुंतागुंत पुढे आहे. या पाकोळीचा निसर्गातील मोठा शत्रू एपिरिकॅनिया हा एक छोटा पतंगच आहे. त्याच्या अळ्या पाकोळीच्या अंगास चिकटून तिचा रस शोषतात आणि उसाच्या पानांवर पांढरे कोष करतात. ते कोष हीच कीड समजून पाने जाळणारा शेतकरी आपलाच रक्षक जाळतो. २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा पसरला तेव्हाही हेच झाले: पांढऱ्या लोकरीत वावरणाऱ्या डिफा व मायक्रोमस यांच्या अळ्या माव्याच्या भक्षक आहेत हे ओळखण्यासाठी आधी त्या वेगळ्या दिसणे आवश्यक होते. आणि २०१५ मध्ये राज्याने निळ्या-काळ्या रंगाच्या ब्लू मॉर्मन फुलपाखरास राज्यफुलपाखराचा मान दिला, तेव्हा त्याचे मराठी नाव पुढे आले 'राणी पाकोळी'. उसाच्या पट्ट्यातील माणसास पाकोळीची राणी ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

पुढे महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाने राज्यातील दोनशेहून अधिक फुलपाखरांस मराठी नावे देवविली. त्यांत याच फुलपाखराचे नाव 'नीलवंत' झाले. नाव सुंदर आहे आणि पाकोळीचा घोटाळाही त्याने टळला. मात्र सर्वच नवी नावे सारख्या वकुबाची नाहीत. पांढऱ्या-पिवळ्या पंखावर तांबडे ठिपके असलेल्या फुलपाखराचे 'हळदीकुंकू' हे नाव स्मरणास व ओळखीस एकाच वेळी उपयोगी पडते. केवळ काव्यमय नावांविषयी तसे म्हणता येत नाही. गणांसाठी योजलेले ढालपंखी, द्विपंखी, खवलेपंखी हे पारिभाषिक शब्द या कसोटीस पूर्ण उतरतात, कारण शब्द उच्चारताच लक्षण हाती येते: भुंगेऱ्याचा पुढचा पंख ढालीसारखा असतो, माशीस पंख दोनच असतात, पतंगाच्या पंखाची धूळ म्हणजे खवले. तरीही ते वर्गात रुजले नाहीत. परीक्षेचे उत्तर कोलिऑप्टेरा, डिप्टेरा, लेपिडॉप्टेरा असेच लिहावयाचे, तर विद्यार्थ्याने तेच पाठ करावे यात नवल नाही. पण ग्रीक न जाणणाऱ्या मुलास जे ध्वनी पाठ करावे लागतात, त्यांचा अर्थ त्याच्या भाषेत आयता तयार होता.

कीटकसंग्रहाची पेटी हा या अभ्यासाचा जुना आणि अजूनही टिकलेला भाग. जाळे, मारण्याची बाटली, पंख पसरण्याची फळी, टाचण्या व डांबरगोळ्या एवढे साहित्य. पूर्वी बाटलीत पोटॅशियम सायनाइड घालीत. आता सौम्य द्रव्ये वापरतात. टाचणी कोठे टोचावी याचेही नियम ठरलेले आहेत: भुंगेऱ्यास उजव्या ढालपंखातून, फुलपाखरास छातीच्या मध्यातून, ढेकणाच्या जातीच्या किड्यास पाठीवरील त्रिकोणातून. तुडतुड्यासारख्या बारीक कीटकास टाचणी सोसत नाही; तो कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकास डिंकाने चिकटवितात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये काही फुलपाखरांस संरक्षण असल्याने काय पकडू नये हेही विद्यार्थ्यास आधी ओळखता आले पाहिजे. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या आसपास, मे-जूनमध्ये झाडांवर लखलखणारे काजवे पेटीसाठी पकडण्यापेक्षा जागेवर पाहणेच इष्ट. अमेरिकेत १९८३ पासून विद्यार्थ्यांच्या कीटकशास्त्रीय चढाओढी 'लिनियन गेम्स' या नावाने होत आल्या आहेत. चढाओढ असो की परीक्षा, सरावाची रीत एकच: पुस्तकातील चित्र झाकून नमुना पाहावयाचा, आणि नमुना झाकून लक्षणे सांगावयाची.

या साऱ्या पूर्वतयारीचा कस लागला तो २०१८ मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात कर्नाटकात मक्यावर एक नवी अळी आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात शिरली. स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा ही ती अळी. 'लष्करी अळी' हे नाव मराठीत आधीपासून दुसऱ्याच एका जातीस होते, म्हणून हिला 'अमेरिकन लष्करी अळी' म्हटले गेले. आणि या वेळी 'अमेरिकन' हे विशेषण खरेही होते. तिची खूण अशी: डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे, आणि शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या खंडाजवळ, म्हणजे पोटाच्या आठव्या खंडावर, चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. ही खूण अळीची आहे, पतंगाची नव्हे. भित्तिपत्रकांतून ती गावोगाव गेली आणि मक्याचा पोंगा उलगडून अळीच्या डोक्यावरील अक्षर शोधणारा शेतकरी दिसू लागला. शास्त्रीय लक्षण आणि शिवारातील नाव एकाच अवस्थेस लागू पडल्याचे हे विरळ उदाहरण होय.

विद्यार्थ्याच्या पेटीतील प्रत्येक टाचणीखाली एक लहान चिठ्ठी असते. तीवर सामान्यतः ठिकाण, तारीख, यजमान वनस्पती आणि संग्राहकाचे नाव लिहितात. दुसऱ्या चिठ्ठीवर लॅटिन नाव. वनस्पतिशास्त्रात वाळविलेल्या नमुन्याच्या कागदावर स्थानिक नाव नोंदविण्याची चाल जुनी आहे. कीटकांच्या पेटीत तिसऱ्या चिठ्ठीची सोय केली, आणि तीवर नमुना ज्या गावात पकडला तेथील माणसाने उच्चारले तसेच नाव, तालुक्यासह, लिहिले, तर दरवर्षी राहुरीस भरणाऱ्या पेट्यांतून मोल्सवर्थच्या कोशास न साधलेले काम हळूहळू होऊ शकेल. त्यासाठी चिठ्ठीचा कागद सोडल्यास काही खर्च नाही.